अस्वल पकडून आणा!

वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांना मराठी घरांत आणलं ते इंद्रजाल कॉमिक्सनं. १९६४ साली सुरू झालेली ही पातळ पुस्तकं पुढची पंचवीसएक वर्षं मे महिन्याच्या सुटीत हातोहात फिरली, कव्हर निखळलं तरी वाचली गेली. सगळ्यांचं लक्ष असायचं ते वेताळाच्या ठोशाबरोबर गालावर उमटणाऱ्या कवटीकडे. या चित्रकथांचे हक्क कुणाचे, याच्याशी कुणाला काय देणंघेणं! ते हक्क 'किंग फीचर्स सिंडिकेट' या न्यूयॉर्कच्या कंपनीचे होते. १९१५ साली निघालेल्या या कंपनीच्या नावातला 'किंग' आला तो तिचा कारभारी मोझेस कोनिग्सबर्ग याच्या आडनावातून. जर्मन भाषेत 'कोनिग' म्हणजे राजा. पण कोनिग्सबर्ग पगारी माणूस. खरा राजा वेगळाच होता, आणि वेताळाची गुहा त्याच्या अफाट मिळकतीतला एक कोपरा होता.

त्याचं नाव विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. भरात असताना अठ्ठावीस दैनिकं, शिवाय मासिकं, वृत्तसंस्था, बातमीपटांची कंपनी आणि सिनेमाचा स्टुडिओ, एवढा पसारा. पण पसारा काय, पैसेवाल्याला जमतो. हर्स्टकडे पैशापलीकडचं एक होतं, ते म्हणजे बातमीबद्दलची त्याची समजूत. बातमी घडेल आणि मग आपण छापू, यावर त्याचा विश्वास नव्हता. घडण्याची वाट कशाला बघायची?

ही समजूत पहिल्यांदा कशी दिसली ते सांगायचं तर एका अस्वलाची गोष्ट सांगावी लागते.

१८८९ साल. सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्झामिनर' नावाचं दैनिक, आणि त्याचा सव्वीस वर्षांचा मालक हर्स्ट. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत ग्रिझली अस्वलं आता उरली आहेत की शिकारीत संपली, असा एक वाद तेव्हा निघाला होता. दुसऱ्या कुणी चार जाणत्यांना विचारून अर्धा कॉलम लिहिला असता. हर्स्टनं अॅलन केली या बातमीदाराला सांगितलं, अस्वल जिवंत पकडून आणा. केली दक्षिणेकडच्या डोंगरांत गेला. महिने गेले, खर्च वाढत गेला, अस्वल काही सापळ्यात शिरेना. शेवटी एक भलंमोठं अस्वल हाती लागलं, साखळदंडांत बांधून रेल्वेनं सॅन फ्रान्सिस्कोला आलं आणि वुडवर्ड्स गार्डन या बागेत लोकांसमोर उभं राहिलं. पहिल्याच दिवशी हजारोंची झुंबड उडाली. अस्वलाचं नाव 'मोनार्क'. का, तर 'एक्झामिनर' स्वतःला 'दैनिकांचा सम्राट' म्हणवून घ्यायचा, आणि हे बिरूद डरकाळी फोडणाऱ्या जनावराला चिकटवण्याची संधी कोण सोडेल? केलीनं अस्वल कसं पकडलं याची रसभरीत हकीकत पेपरात आली. पुढे केलीनंच आपल्या पुस्तकात लिहिलं, की हे अस्वल दुसऱ्याच लोकांच्या सापळ्यात सापडलं होतं आणि त्यानं ते विकत घेतलं.

हर्स्टचं सगळं शास्त्र या अस्वलात आहे. पदरचा पैसा घालून घटना घडवायची, आपल्याच माणसाला तिचा नायक करायचं, ती आपल्याच पेपरात छापायची आणि गर्दी जमली की गर्दीचीही बातमी करायची. खऱ्याला थोडी कल्हई लागली तर लागली.

हा पदर कुणाचा, तेही बघायला हवं. बाप जॉर्ज हर्स्ट मिसूरीचा, जेमतेम शिकलेला, पण जमिनीखाली काय आहे ते ओळखण्यात तरबेज. सोन्याच्या ओढीनं १८५० मध्ये तो कॅलिफोर्नियात आला आणि नेव्हाडातल्या कॉमस्टॉकच्या चांदीत त्याचं नशीब उघडलं. डाकोटातली होमस्टेक ही सोन्याची खाण आणि मोंटानातलं अॅनाकोंडाचं तांबं यांत पुढे त्याचा मोठा वाटा होता. आई फीबी शिक्षिका होती. विल्यम एकुलता एक, जन्म १८६३ चा. दहा वर्षांचा असताना आईनं त्याला दीड वर्ष युरोपभर हिंडवलं. राजवाडे, चित्रं, पुतळे बघून पोरगं म्हणायचं, हे आपण विकत घेऊया. असा हट्ट बहुतेक मुलं करतात. याचा पुढे खरा झाला.

हार्वर्डमध्ये अभ्यास सोडून त्यानं सगळं केलं. प्राध्यापकांची चित्रं काढलेली शौचपात्रं त्यांच्याच घरी पाठवली, असं सांगतात. शेवटी विद्यापीठानं त्याला घरचा रस्ता दाखवला. पण तिथे असताना तो एक गोष्ट मन लावून वाचत होता, जोसेफ पुलित्झरचा 'न्यूयॉर्क वर्ल्ड'. बापाकडे 'एक्झामिनर' १८८० पासून होता, राजकारणासाठी घेतलेला आणि तोट्यात चाललेला. पोरानं बापाला लांबलचक पत्र लिहून तो मागितला. ठळक चित्रं हवीत, मांडणी अशी हवी, माणसं अशी हवीत, असा सगळा आराखडा त्या पत्रात होता. बापाला वाटलं, खाण सोडून हे काय खूळ! पण १८८७ मध्ये जॉर्ज हर्स्ट सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेला आणि तेविसाव्या वर्षी विल्यमचं नाव पेपरावर मालक म्हणून छापून आलं.

बाप १८९१ मध्ये वारला तेव्हा त्यानं सगळी इस्टेट बायकोच्या नावे ठेवली होती, मुलाला छदाम नाही. मुलाचा हात किती सैल आहे हे त्याला ठाऊक असावं. मग १८९५ मध्ये फीबीबाईंनी अॅनाकोंडाचे शेअर विकून आलेले ७५ लाख डॉलर मुलाच्या हवाली केले, आणि तो न्यूयॉर्कच्या बाजारात उतरला. तिथे 'मॉर्निंग जर्नल' नावाचं एक मरणपंथाला लागलेलं पत्र त्यानं घेतलं आणि किंमत ठेवली एक सेंट. पुलित्झरचा 'वर्ल्ड' दोन सेंटला होता. काही महिन्यांतच त्यालाही एक सेंटवर यावं लागलं.

पुढची लढाई माणसांवरून झाली. 'एक्झामिनर'नं न्यूयॉर्कच्या कचेरीसाठी खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, त्या नेमक्या पुलित्झरच्याच उंच इमारतीत. तिथे बसून हर्स्टनं 'वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीचा संपादक मोरिल गोडार्ड याला फोडला, आणि त्याच्यासकट त्याची सगळी टोळीच उचलली. पुलित्झरनं जास्त पैसे देऊन सगळ्यांना परत आणलं. एका दिवसात हर्स्टनं त्याहून जास्त देऊन पुन्हा नेलं. मग रिचर्ड आउटकॉल्ट हा चित्रकारही गेला. गरीब वस्तीतलं एक टकलं, दात पुढे आलेलं, पायघोळ पिवळा डगला घातलेलं पोर तो काढायचा आणि न्यूयॉर्क त्यावर खूश होतं. आउटकॉल्ट 'जर्नल'कडे गेला तर पुलित्झरनं दुसरा चित्रकार बसवून तेच पोर आपल्याकडे चालू ठेवलं. एका शहरात एकाच वेळी दोन पिवळी पोरं! या प्रकाराला विटून 'न्यूयॉर्क प्रेस'चा संपादक अर्विन वॉर्डमन यानं १८९७ मध्ये या पत्रकारितेला 'पिवळी' म्हटलं. आपण आज 'पीत पत्रकारिता' हा शब्द इतक्या गंभीरपणे उच्चारतो, पण तो निघाला त्या पोराच्या डगल्यातून.

आता क्यूबा. हर्स्टचं नाव निघालं की तारेची गोष्ट निघतेच. चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टन हवानाला गेला, त्यानं तार केली की इथे सगळं शांत आहे, युद्ध होणार नाही. हर्स्टनं उलट तार केली की तुम्ही चित्रं पुरवा, युद्ध मी पुरवतो. गोष्ट फक्कड आहे आणि बहुधा खोटी आहे. ती आली जेम्स क्रीलमन या बातमीदाराच्या १९०१ च्या पुस्तकातून, आणि तारा धाडल्याचं म्हणतात तेव्हा क्रीलमन हवानात नव्हता, न्यूयॉर्कमध्येही नव्हता, तो युरोपात होता. त्या तारा आजवर कुणाला सापडलेल्या नाहीत. हर्स्टनं स्वतः ती गोष्ट नाकारली. मला सगळ्यात पटतं ते वेगळंच कारण. रेमिंग्टन १८९७ च्या जानेवारीत तिथे होता, आणि स्पेनविरुद्ध क्यूबाचं बंड १८९५ पासूनच पेटलेलं होतं. स्पेनच्या सेनापतीनं लाखो खेडूतांना छावण्यांत कोंबलं होतं, माणसं रोगराईनं आणि उपासमारीनं मरत होती. युद्ध डोळ्यांसमोर चालू असताना 'युद्ध होणार नाही' अशी तार कोण करेल?

मग हर्स्टनं काय केलं? तेच, अस्वल पकडून आणलं. या वेळी अस्वलाच्या जागी एक मुलगी होती. एव्हान्जेलिना सिस्नेरोस ही क्यूबन बंडखोराची तरुण मुलगी हवानाच्या तुरुंगात होती. 'जर्नल'नं आधी तिच्यासाठी अमेरिकाभर सह्या गोळा केल्या, त्यात अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या मातोश्रींचीही सही होती. सह्यांनी दार उघडेना, तेव्हा १८९७ च्या ऑक्टोबरात कार्ल डेकर हा बातमीदार हवानात गेला. त्यानं तुरुंगालगतचं घर भाड्यानं घेतलं, छपरावरून शिडी टाकली आणि खिडकीचे गज तोडून तिला बाहेर काढलं. मुलाच्या वेषात ती बोटीवर चढली आणि न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा स्वागताला अलोट गर्दी होती. पहारेकऱ्यांचे हात आधीच ओले केले होते, असं तेव्हाही बोललं गेलं. तुरुंग फोडणं हा सरळसरळ गुन्हा. 'जर्नल'नं तो अभिमानानं पहिल्या पानावर कबूल केला.

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले. दोन दिवसांत 'जर्नल'नं हे शत्रूचं काम असल्याचं ठरवूनही टाकलं. जहाजाखाली सुरुंग कसा असेल याचं भलंथोरलं चित्र छापलं, गुन्हेगार दाखवणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. नौदलाच्या तेव्हाच्या चौकशीनंही सुरुंगाकडेच बोट दाखवलं. १९७६ मध्ये अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासात मात्र जहाजातल्याच कोळशाच्या कोठारातली आग हे जास्त संभवनीय कारण ठरलं. एप्रिलमध्ये युद्ध जाहीर झालं. हर्स्टमुळे झालं का? काँग्रेसमध्ये, लष्करात, व्यापाऱ्यांत युद्धाची हौस असलेले पुष्कळ होते आणि त्यांना एक सेंटच्या पेपराची गरज नव्हती. पण 'जर्नल'नं युद्ध चालू असताना आपल्याच माथ्यावर छापून विचारलं, की जर्नलचं युद्ध कसं काय वाटतं? हर्स्टनं युद्ध घडवलं ही दंतकथा त्याच्या शत्रूंनी पसरवली खरी, पण पहिली आवृत्ती त्याचीच.

त्याच युद्धातली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'वर्ल्ड' आपल्या बातम्या उचलतो असा 'जर्नल'ला संशय होता. म्हणून एक दिवस त्यानं कर्नल रेफ्लिपे डब्ल्यू. थेनुझ या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याच्या मृत्यूची बातमी छापली. 'वर्ल्ड'नं ती इमानेइतबारे उतरवली. मग 'जर्नल'नं खुलासा केला: असा कर्नल जन्मालाच आलेला नाही. इंग्रजीत आडनावाआधीची अक्षरं उलटी वाचा आणि पुढे आडनाव जोडा, 'आम्ही बातम्या चोरतो' असं वाक्य होतं.

या सगळ्या धामधुमीत पेपर विकत कोण होतं? आठ-दहा-बारा वर्षांची पोरं. ती शंभर प्रतींना ५० सेंट मोजायची, एक सेंटला एक विकायची, शंभर खपले तर हातात ५० सेंट. युद्धात खप उसळला तेव्हा पेपरवाल्यांनी शेकड्याचा भाव ६० सेंट केला. मथळेच असे होते की पोरांनी तक्रार केली नाही. युद्ध संपलं, खप ओसरला, बाकीच्या पेपरांनी भाव उतरवला. हर्स्ट आणि पुलित्झर या दोन लक्षाधीशांनी उतरवला नाही. शिवाय न खपलेली प्रत परत घेत नसत, ती पोराच्या अंगावर. १८९९ च्या जुलैत पोरांनी संप केला. त्यांचा एक पुढारी एका डोळ्यानं अधू, त्याला सगळे 'किड ब्लिंक' म्हणत. पोरांनी ब्रुकलिनचा पूल अडवला, गाड्यांवरचे गठ्ठे फाडले आणि सभा भरवली, तिला काही हजार पोरं जमली. गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्या 'जर्नल'ला ही बातमी छापायची सोय नव्हती, इतर पेपरांनी मिटक्या मारत छापली. दोन आठवड्यांत तडजोड झाली. भाव ६० च राहिला, पण न खपलेल्या प्रती परत घ्यायचं दोघांनीही कबूल केलं. पोरांना दहा सेंटपेक्षा हेच जास्त मोलाचं होतं. रस्त्यावर पेपर विकलेल्या कुणालाही विचारा.

हर्स्टच्या बाजूनं बोलायचं तर बोलण्यासारखंही आहे. त्याचे पेपर नुकतेच बोटीतून उतरलेले, इंग्रजी अडखळत वाचणारे मजूर घ्यायचे, आणि आठ तासांचा दिवस, मक्तेदार कंपन्यांना लगाम, पाणी-दिव्यावर शहराची मालकी हे विषय त्याच पानांत त्यांना भेटायचे. १९०८ मध्ये त्यानं भर सभेत स्टँडर्ड ऑइलची पत्रं वाचून दाखवली आणि सिनेटर कंपनीकडून कसे पैसे घेत होते ते चव्हाट्यावर आणलं. ती पत्रं मात्र कंपनीच्या नोकरांनी चोरली होती आणि त्याच्या माणसांनी ती विकत घेतली होती. पुन्हा अस्वल.

त्याला स्वतःला मात्र राजकारणात यश आलं नाही. दोनदा काँग्रेसवर निवडून आला. १९०४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी हुकली, १९०५ मध्ये न्यूयॉर्कचं महापौरपद तीनचार हजार मतांनी गेलं, १९०६ मध्ये गव्हर्नरपदही. उंच, धिप्पाड माणूस, पण आवाज बारीक आणि स्वभाव बुजरा. पेपरात गर्जना करणारा समोर उभा राहिला की लोक गोंधळायचे. त्याची पानं कुठे जाऊ शकतात हेही लोकांनी पाहिलं होतं. मॅकिन्ली यांच्यावर 'जर्नल'नं वर्षानुवर्षं आग ओकली होती. १९०१ मध्ये त्यांचा खून झाला, तेव्हा लोकांनी पेपराच्या होळ्या केल्या आणि हर्स्टला पेपराचं नाव बदलून 'अमेरिकन' करावं लागलं. उतारवयात तो उजवीकडे सरकत गेला. १९३२ मध्ये ज्या रूझवेल्टना उमेदवारी मिळवून द्यायला त्यानं हात लावला, त्यांचाच पुढे कट्टर वैरी झाला. मुसोलिनी आणि गोअरिंग यांचे लेख त्यानं पैसे मोजून छापले, १९३४ मध्ये बर्लिनला हिटलरची भेट घेतली. यातलं काहीही धुऊन काढता येत नाही.

पुलित्झरचं नशीब पाहा. पिवळेपणात अर्धा वाटा त्याचा, पण मरताना विद्यापीठाला पैसे ठेवून गेला आणि पारितोषिकामुळे सोवळा झाला. १९३७ मध्ये हे पारितोषिक मिळवणारा पहिला भारतीय पत्रकार म्हणजे गोविंद बिहारी लाल, विज्ञानावर लिहिणारा. नोकरी कुणाकडे? हर्स्टकडे.

१९१९ मध्ये आई गेली आणि सगळा पैसा अखेर हातात आला. कॅलिफोर्नियात सॅन सिमिऑनच्या टेकडीवर, समुद्रापासून थोडं आत, त्यानं घर बांधायला घेतलं. वास्तुविशारद ज्युलिया मॉर्गन, पॅरिसच्या नामांकित एकोल दे बोझार्तमध्ये वास्तुकलेला प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री. शुक्रवारी सॅन फ्रान्सिस्कोचं काम आटोपून त्या रात्रीच्या गाडीत बसायच्या, शनिवार-रविवार टेकडीवर राबायच्या आणि सोमवारी परत. असं वर्षानुवर्षं चाललं. हर्स्ट आज बांधलेलं उद्या पाडायला सांगायचा. नेपच्यूनचा तलाव तीनदा बांधला गेला. युरोपातून छतं, शेकोट्या, गालिचे यायचे आणि त्यांच्या मापानं खोल्या बांधल्या जायच्या. जेवणघरात चर्चमधली लाकडी बाकं, भिंतीवर रेशमी पताका, चांदीच्या समया, आणि टेबलावर केचपची बाटली अन् कागदी हातपुसणी. पाहुणे हॉलिवूडचे, यजमानीण मारियन डेव्हिस ही नटी, कारण बायको मिलिसेंट पूर्वेकडे वेगळी राहायची. घटस्फोट कधीच झाला नाही. देशभरातले आपले पेपर आले की हर्स्ट ते जमिनीवर पसरायचा आणि वाकायला नको म्हणून पायाच्या बोटांनी पानं उलटायचा.

१९३७ मध्ये हिशेब समोर आला. कंपन्यांवर १२ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज होतं. कारभार हातातून गेला, पेपर विकले, संग्रहातल्या वस्तू न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या दुकानात चिठ्ठ्या लावून मांडल्या. मारियननं दागिने आणि मालमत्ता मोडून त्याला दहा लाख डॉलर दिले. जग तिला 'ठेवलेली बाई' म्हणत होतं. बँका मागे सरल्या तेव्हा हीच बाई पुढे आली.

आणि याच पडत्या काळात, १९४१ मध्ये, 'सिटिझन केन' आला. पंचवीस वर्षांचा ऑर्सन वेल्स, आणि सहलेखक हर्मन मँकिविच, जो त्या टेकडीवर पाहुणा म्हणून जेवून आला होता. पडद्यावरचा वर्तमानपत्रवाला कोण, ते सांगायला लागत नव्हतं. हर्स्टच्या पेपरांत त्या चित्रपटाचं नाव येईना, जाहिरातसुद्धा येईना. स्टुडिओवाल्यांच्या वतीनं लुई मेयरनं आठ लाखांवर डॉलर देऊ केले, मूळ प्रत जाळून टाकण्यासाठी. चित्रपट काढणाऱ्या आरकेओ कंपनीनं नकार दिला, पण चित्रगृहवाले बिचकले आणि तेव्हा चित्रपट आपटला. आयुष्यभर नसलेली बातमी घडवणाऱ्यानं असलेली बातमी पुसायचा प्रयत्न केला, आणि काही काळ ते जमलंही. चित्रपटावर मला एकच राग आहे. त्यातल्या बेसूर बायकोमुळे लोक मारियनलाही तशीच समजले. ती उत्तम विनोदी नटी होती.

हर्स्ट १४ ऑगस्ट १९५१ रोजी बेव्हरली हिल्समध्ये वारला, वय ८८. मारियन झोपेत असतानाच मुलांनी देह नेला, अंत्यविधीला ती नव्हती. टेकडी १९५८ मध्ये कॅलिफोर्निया सरकारकडे गेली. त्याच्या प्राणिसंग्रहातल्या झेब्र्यांचा वंश अजून तिथल्या कुरणात गुरांबरोबर चरतो. मोनार्क अस्वल १९११ मध्येच मेलं होतं, त्याच्या कातड्यात भुसा भरून ठेवला. राज्याच्या झेंड्यावरचं अस्वल १९५३ मध्ये नीट ठरवलं गेलं, ते त्याच्यावरून.

एक गोष्ट राहिली. १९२५ मध्ये हर्स्टनं स्पेनमधल्या सेगोव्हिया भागातल्या बाराव्या शतकातल्या एका मठाचा भाग विकत घेतला. दगड सुटा करून, आकडे घालून, गवतात गुंडाळून, सुमारे ११,००० खोक्यांत भरून न्यूयॉर्कला पाठवला. सेगोव्हियात तेव्हा जनावरांना लाळ्या-खुरकूत झालेली. कस्टमनं खोकी अडवली, फोडली, गवत जाळलं आणि दगड पुन्हा भरताना कुठला कुठल्या खोक्यात होता ते पाहिलं नाही. ती खोकी ब्रुकलिनच्या गोदामात सव्वीस वर्षं पडून राहिली. हर्स्टनं ती पुन्हा उघडलीच नाहीत. तो गेल्यावर दोन व्यापाऱ्यांनी ती घेतली आणि मायामीजवळ गवंड्यांनी मठ उभा केला, दीडएक वर्षात आणि पंधरा लाख डॉलर खर्चून. काम संपलं तेव्हा काही दगड उरले. त्यातले काही शेजारच्या सभागृहात वापरले, बाकीचे मागच्या आवारात पडून राहिले.